सुपरव्हिजनचा फॉर्म भरल्यावर तो जातो कुठे, हे आधी पाहा

नमस्कार सिस्टर,

नेरूळच्या वृद्धसेवा केंद्रात तुम्ही नुकत्याच इन्चार्ज झाला आहात, प्रत्येक कर्मचाऱ्याबरोबर महिन्यातून एकदा सुपरव्हिजनची (म्हणजे समोर बसवून त्याच्या कामाबद्दल आणि अडचणींबद्दल बोलण्याची) बैठक घ्या असे व्यवस्थापनाने बजावले आहे, आणि आया व वॉर्डबॉय समोर बसून ‘सगळं ठीक आहे मॅडम’ एवढेच बोलून सही करून जातात, असे तुम्ही लिहिले आहे. त्यात दोन चांगल्या मावश्या काम सोडण्याच्या बेतात आहेत. ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या एका केंद्रात मी बरीच वर्षे हेच काम केले असल्यामुळे तुमची पोस्ट वाचताना प्रत्येक ओळ ओळखीची वाटली.

बैठक कशी घ्यावी, फॉर्ममध्ये कोणते रकाने असावेत, हे तुम्हाला येतच असणार, म्हणून त्यात जात नाही. तुमच्या पोस्टमध्ये ‘महिनाअखेरीस फॉर्म एचआरला पाठवायचे असतात’ असे एक वाक्य ओझरते येऊन गेले आहे. माझ्या मते दुखणे तिथे आहे. कर्मचारी बोलत नाहीत, कारण आपले बोलणे कोणाच्या टेबलावर जाणार आहे हे त्यांना पुरते ठाऊक असते.

आमचे केंद्र ज्या संस्थेचे होते, तिचे मुख्य कार्यालय दुसरीकडे होते. नाव घेत नाही. सुरुवातीला बैठकीच्या नोंदी माझ्या कपाटात, कुलुपात असत. पुढे कार्यालयाने पारदर्शकतेचे कारण देऊन सर्व फॉर्म स्कॅन करून मागवायला सुरुवात केली. त्याच सुमारास बदलापूरहून येणाऱ्या आमच्या एका मावशींनी बैठकीत आपणहून सांगितले की, रिलीव्हर (पुढच्या पाळीची बाई) न आल्याने दिवसाची ड्यूटी संपवून त्या रात्रीलाही थांबल्या, पहाटे खुर्चीतच त्यांचा डोळा लागला, आणि अर्धांगवायू झालेल्या एका आजोबांची कूस बदलायची राहून गेली. त्यांना कोणी पकडले नव्हते, कॅमेऱ्यातही काही दिसले नव्हते. मी फॉर्मवर लिहिले: ‘सलग ड्यूटीमुळे रात्री पोझिशन बदलणे राहिले, रात्रपाळीसाठी राखीव माणूस आवश्यक.’ कार्यालयाने या वाक्याचा पहिला अर्धा भाग तेवढा वाचला. कामात हलगर्जीपणा केल्याबद्दल मावशींना मेमो आला आणि एका दिवसाचा पगार कापला गेला. राखीव माणसाबद्दल एक अक्षरही आले नाही. मी भांडले, तेव्हा ‘लेखी कबुली हातात असताना कारवाई न करणे नियमात बसत नाही’ असे उत्तर मिळाले.

मेमोची बातमी दोन्ही पाळ्यांत पोहोचायला वेळ लागला नाही. त्यानंतर आमच्याकडेही सगळे ठीकच असायचे. फॉर्म वेळेवर जात होते, सह्या पूर्ण होत्या, आणि कार्यालयाने त्याबद्दल आमचे कौतुकही केले. एका दुपारी मी एका आजींचा आदल्या दिवसाचा पोझिशन चार्ट, म्हणजे कूस कधी बदलली त्याची नोंद, उघडला. बारा वाजता उजवी कूस, दोन वाजता डावी, चार वाजता पाठीवर. एकाच पेनाने, एकाच तिरक्या अक्षरात सुबक भरलेले. आजी मात्र त्या दिवशी अकरापासून संध्याकाळपर्यंत डायलिसिसला गेल्या होत्या. मी त्यांना वळवून पाहिले, तर माकडहाडावरची कातडी उघडी पडली होती. बोटाने दाबल्यावर पांढरी न पडणारी लाली ही बेडसोरची (एकाच कुशीवर पडून राहिल्याने होणाऱ्या जखमेची) पहिली पायरी असते आणि त्या पायरीवर दाब काढला तर बहुतेक वेळा तो तिथेच आवरतो, हे आमच्या प्रत्येक मावशीला शिकवलेले होते. ती लाली कोणीतरी पाहिली असणार यात मला शंका नाही. पण सांगणाऱ्यालाच मेमो मिळतो हे एकदा दिसल्यावर सांगायला कोण येईल?

सुपरव्हिजनबद्दल ब्रिटनमध्ये काय म्हटले आहे, तेही सांगते. तिथल्या समुपदेशन क्षेत्रातल्या ब्रिजिड प्रॉक्टर यांनी १९८० च्या दशकात सुपरव्हिजनची तीन कामे मांडली: कामाचा दर्जा राखणे, माणसाला शिकवणे आणि कामाचा ताण पेलायला त्याला आधार देणे. इंग्लंडमधल्या काळजीसेवांसाठीच्या २०१४ च्या नियमांतील १८ वा नियमसुद्धा आधार, प्रशिक्षण, सुपरव्हिजन आणि मूल्यमापन यांचा उल्लेख एकाच दमात करतो आणि ते ‘आवश्यक तेवढे’ द्यावे असे म्हणतो; किती दिवसांनी, याचा आकडा देत नाही. तेव्हा ‘महिन्यातून एकदा’ हा काही कायद्याचा शब्द नव्हे. नवीन माणसाबरोबर दर महिन्याला आणि रुळलेल्या माणसाबरोबर दोन महिन्यांतून एकदा, पण बिनघाईचा अर्धा तास, हे मला अधिक योग्य वाटते. रुग्णालयांना दर्जाची मान्यता देणाऱ्या आपल्या एनएबीएच या संस्थेच्या मानकांतही प्रशिक्षण, मूल्यमापन, शिस्तभंग आणि तक्रारनिवारण यांचा विचार वेगवेगळा केलेला आहे. आमच्या कार्यालयाने या सगळ्यांचा एकच कागद केला.

म्हणून माझा आग्रह असा की, दोन कागद ठेवा. कार्यालयाला जाणाऱ्या कागदावर बैठकीची तारीख, कोणते प्रशिक्षण हवे आहे आणि तुम्ही स्वतः काय, कधीपर्यंत करणार आहात, एवढेच असावे. बोलण्यातले तपशील तुमच्या वहीत, कुलुपात राहावेत. मी काही लपवायला सांगत नाही. कूस बदलायची राहिली, औषध चुकले, पेशंट पडला, तर त्याची घटना-नोंद वेगळ्या फॉर्मवर व्हायलाच हवी आणि तिथे कारणही लिहिले गेले पाहिजे. ‘पेशंटला मारहाण, चोरी किंवा पेशंटच्या जिवाला धोका होईल अशी कोणतीही गोष्ट मी स्वतःजवळ ठेवू शकणार नाही’, हे बैठकीच्या सुरुवातीलाच स्पष्ट सांगा. मर्यादा आधी कळली की माणसे उलट मोकळेपणाने बोलतात, असा माझा अनुभव आहे. सगळीकडे तसेच होईल अशी हमी मी देणार नाही. लैंगिक छळाची गोष्ट निघाली, तर ती सुपरव्हिजनच्या कागदावर अडकवून ठेवू नका. २०१३ च्या कायद्यानुसार १० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती असावी लागते, त्याहून लहान ठिकाणांसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते, आणि तक्रार साधारणपणे ३ महिन्यांच्या आत करायची असते. त्या बाईंना हा रस्ता त्याच दिवशी दाखवा आणि लिहिता येत नसेल तर अर्ज लिहायला मदत करा.

वेळेबद्दलही थोडे लिहिते. सकाळी ओव्हर देऊन (पुढच्या पाळीकडे काम सोपवून) झाल्यावर रात्रपाळीच्या बाईला ‘पाच मिनिटं बस’ म्हणणे मला क्रूरपणाचे वाटते. तिचे लक्ष ठाण्याकडच्या लोकलवर आणि घरी डबा न घेता गेलेल्या मुलावर असते. बैठक पगारी ड्यूटीच्या वेळेतच घ्या. रात्रीची औषधे देऊन पेशंट निजले की साडेदहाच्या सुमारास तुम्ही स्वतः थांबा, आणि पहिला महिना रात्रपाळीपासूनच सुरू करा, कारण सर्वांत कमी माणसे तिथेच असतात आणि त्यांच्याशी सर्वांत कमी बोलले जाते. ‘काही अडचण आहे का?’ असे विचारू नका, त्याचे उत्तर ‘नाही’ असेच येते. ‘काल कोणाला उचलताना दोघींची गरज होती आणि तुम्ही एकट्याच होतात?’ असे विचारा. फॉर्म इंग्रजीत असेल, तर लिहिलेले मराठीत किंवा हिंदीत वाचून दाखवल्याशिवाय सही घेऊ नका.

तुमच्याकडे ब्यूरोची, म्हणजे कंत्राटावर आया-वॉर्डबॉय पुरवणाऱ्या एजन्सीचीही माणसे असतील. ब्यूरो म्हणतो, ड्यूटीवर गेल्यावर ती तुमची. केंद्र म्हणते, पगार ब्यूरो देतो म्हणजे ती त्यांची. आणि शेवटी त्यांच्याजवळ कोणीच बसत नाही. माझे मत स्पष्ट आहे की, पेशंटला हात लावणाऱ्या प्रत्येकाजवळ इन्चार्जने बसलेच पाहिजे. मात्र कंत्राटी माणसांच्या बाबतीत कायद्याची गुंतागुंत असते आणि मी वकील नाही, म्हणून ब्यूरोबरोबरच्या करारात या बैठकीचा उल्लेख करून घ्या आणि तो जाणत्या माणसाकडून तपासून घ्या.

त्या दोन मावश्यांना थांबवण्यासाठी सध्या तरी नवीन बैठक घेऊ नका. त्यांनी आतापर्यंत जे मागितले आहे, मग ती साप्ताहिक सुट्टी असेल, कपडे बदलायची खोली असेल किंवा एका जड पेशंटसाठी दुसरा माणूस असेल, त्यातले तुमच्या हातात असलेले एक काम आधी करून द्या.

व्यवस्थापन दोन कागदांना लगेच हो म्हणेल असे मला वाटत नाही. तोंडी वाद घालू नका. चार ओळींचे पत्र द्या आणि पोच घ्या. बैठकींच्या नोंदींचे जुने रजिस्टर मात्र फाडू किंवा बदलू नका. शेवटच्या नोंदीखाली रेघ मारून, तारीख आणि सही करून ते बंद करा व नवीन वही सुरू करा. उद्या एखाद्या पेशंटच्या नातेवाइकांनी तक्रार केली, तर फाटलेल्या पानांचा जाब इन्चार्ज म्हणून तुम्हालाच विचारला जाईल.