पावसाचा आवाज कोण काढणार?

“मॅडम, पोरगं रात्र-रात्र जागं असतंय. त्यात दहावीचं वर्ष. आणि तुम्ही म्हणताय नाटकाच्या वर्गाला घाला. त्यानं काय होणार ओ?”

मी मुलांची समुपदेशक. सांगलीतल्या एका आईने २०२२च्या जूनमध्ये मला हे विचारलं. त्यानंतर हाच प्रश्न मी कितीतरी पालकांकडून ऐकला आहे. मूल आतून खचलेलं असताना चित्रकला, ढोल, नाटक हे सगळं त्यांना वेळ घालवणं वाटतं. त्या काळजीला मी हसत नाही, कारण परीक्षा खरीच असते. म्हणून या मुलाची गोष्ट सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. त्याला ओंकार म्हणू.

२०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा ओंकार सातवीत होता. त्यांच्या गल्लीत पहिला मजला बुडाला. २०२१च्या जुलैमध्ये पाणी पुन्हा आलं. त्यानंतर पावसाळा लागला की तो चप्पल उशाशी घेऊन झोपायचा आणि दप्तर प्लास्टिकच्या पिशवीत बांधून माळ्यावर टाकायचा. पत्र्यावर सर आली की उठून बसायचा, मोबाइलवर कोयना धरणातून किती क्युसेक विसर्ग सुरू आहे ते बघायचा. इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५ हे त्याला पाढ्यासारखं पाठ. पण माझ्यासमोर तीन भेटींत तो जेमतेम दहा वाक्यं बोलला असेल. “काय वाटतं?” या प्रश्नाला त्याच्याकडे उत्तरच नव्हतं. बऱ्याच मुलांकडे नसतं. भीती छातीत, पोटात, कानात बसलेली असते, शब्दांत अजून आलेली नसते. अशा वेळी खोदून विचारत राहिलं तर मूल आणखी मिटतं.

सांगलीत नाटक शिकवणारा माणूस शोधावा लागत नाही. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली इथेच ‘सीतास्वयंवर’ उभं केलं, त्याचं वारं गल्लीबोळांत अजून आहे. जवळच्या समाजमंदिरात एक निवृत्त प्राथमिक शिक्षक शनिवार-रविवार संध्याकाळी मुलांकडून नाटक बसवून घेत. फी नाही, निवड नाही, येईल त्याला काम. मला हवं होतं ते नेमकं हेच. ओंकारला मी तिथे पाठवलं ते नट व्हायला नाही. आठवड्यातून दोनदा कुणीतरी त्याची वाट बघावं, तो आला नाही तर काहीतरी अडावं, एवढ्यासाठी.

गुरुजींच्या मनात त्या वर्षी पुरावरच नाटक करायचं होतं. मी विरोध केला. जखम ओली असताना तिचं नाटक करून मुलांना टाळ्यांपुढे उभं करू नये, असं माझं ठाम मत आहे. गुरुजींनी ऐकलं, जंगलातल्या प्राण्यांची गोष्ट घेतली. पण तिच्यातही एक पावसाचा प्रसंग होता आणि ते मला कुणी सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं.

ओंकार पडद्यामागे होता. “पावसाचा आवाज कोण काढणार?” असं गुरुजींनी विचारलं तेव्हा त्याने हात वर केला. हे कळल्यावर मी धास्तावले. तालमीला जाऊन बसले. त्याच्या हातात सूप, सुपात ज्वारी. हळू फिरवली की रिमझिम, जोरात घोळली की धो-धो. शेजारची मुलगी पत्रा हलवून गडगडाट करायची. गुरुजींचा हात खाली आला की सूप थांबायचं. आणि पाऊसही थांबायचा.

ज्या आवाजाने शरीर दचकतं, तोच आवाज सुरक्षित जागी, थोडा-थोडा, आपल्या हाताने सुरू आणि बंद करता आला, की दचकणं हळूहळू ओसरतं. हे उपचारातही आम्ही करतो. पण माझ्या खोलीत तो एकटा असतो, तिथे चौदा पोरं होती आणि त्यांच्यातल्या सात-आठ जणांनी तोच पूर पाहिला होता. एकदा सूप घोळता घोळता तो त्या पत्र्यावाल्या मुलीला म्हणाला, “आमच्या जिन्यात असाच आवाज यायचा.” तिने विचारलं, “कितव्या पायरीपर्यंत?” माझ्या तीन भेटींत जे निघालं नव्हतं, ते असं निघालं.

त्या आईला तेव्हा दिलेलं उत्तर इथेही देते. नाटकाने औषधाची जागा घेऊ नये. महिना उलटूनही झोप, जेवण, शाळा बिघडलेलीच असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. मूल मरणाची भाषा करत असेल, तर एक दिवसही थांबू नका. आता टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा मोफत क्रमांकही आहे, मराठीतही बोलता येतं. ओंकारच्या माझ्याकडच्या भेटीही सुरूच होत्या. आणि अभ्यासाचं म्हणाल तर आठवड्याचे चार तास गेले, पण रात्री परत मिळू लागल्या. जागरणाने शिणलेलं डोकं पुस्तकासमोर बसवून काहीच साधत नाही.

ऑगस्टमधल्या एका तालमीला खराच पाऊस आला. समाजमंदिराचे पत्रे असे वाजू लागले की संवाद ऐकू येईनात. सगळ्यांनी ओंकारकडे पाहिलं. तो वर बघून वैतागला, “गुरुजी, माझा पाऊस ऐकूच येईना!” आणि सूप आणखी जोरात घोळू लागला.

परवा त्याची आई भेटली. आयर्विनची पातळी तो अजून बघतो म्हणाली, पण एकदाच, मग झोपतो. चप्पल मात्र उशाशीच असते. असू दे, म्हटलं मी.