दुचाकी : तुमचे प्रश्न, आमची उत्तरे

प्रश्न : सौ. मागे बसतात म्हणून साडेतीनशे सीसीच्या क्रूझरला उद्यमबागेत सिसी बार, म्हणजे मागच्याला पाठ टेकायचा लोखंडी दांडा, करून घेतला. चोर्ला घाटातून गोव्याला जाऊन आलो की बोल्ट ढिले झालेले असतात. आता उजवा इंडिकेटरही बंद पडलाय. बार काढून टाकावा का? – एक वाचक, खानापूर

उत्तर : काढायची घाई नको. दोष बहुधा बारात नाही, तो बसतो त्या जागेत आहे. नटाभोवती बारीक तांबूस भुकटी दिसते का बघा. दिसली तर आत लोखंड लोखंडावर घासतंय. बार गाडीला जिच्यावर बसतो त्या पट्टीच्या आतल्या बाजूला पावडर कोटिंग (भट्टीत भाजलेला जाड रंग) तसंच ठेवलं असेल तर तो थर दाबाखाली बसत जातो, तेवढा बोल्टचा ताण उतरतो आणि सांधा सरकू लागतो. पट्टी टेकते तेवढ्या जागेचा रंग पॉलिश पेपरने काढा. बार बसवल्यावर सांध्याच्या कडेने रंगाचा हात मात्र फिरवाच. तुमच्याकडच्या पावसात उघडं लोखंड टिकत नाही.

मग बोल्टची लांबी. ६ मिमीची पट्टी मध्ये आली की जुना बोल्ट तेवढाच कमी आत जातो. ८ मिमीच्या बोल्टचे निदान ८ मिमी आटे धरले पाहिजेत. तेव्हा ६ मिमी जास्त लांबीचा, डोक्यावर ८.८ हा मजबुतीचा दर्जा लिहिलेला बोल्ट घ्या. त्याहून लांब नको. टोक मडगार्डच्या आत डोकावलं तर खड्ड्यात टायर वर उचलला की रबर कापलं जातं. आरपार बोल्ट असेल तर तो आतून घाला, बसक्या डोक्याचा, आणि नट बाहेर.

वेल्डिंगच्या उष्णतेने पट्ट्या आत ओढल्या जातात. सगळे बोल्ट काढून बार नुसता हाताने भोकांवर बसतो का पाहा. जोर लावून फाकवावा लागत असेल तर तो पुन्हा वेल्डरकडे न्या. फट राहत असेल तर स्टीलचा वॉशर घाला. भोक कानशीने लांबट करू नका. दर बाजूला एकच बोल्ट असेल तर कितीही आवळा, बार झुलणारच, दोन हवेतच.

आवळताना मॅन्युअलमधला आकडा पाळा. तो नसेल तर अशा बोल्टला २० ते २५ न्यूटन-मीटर, टॉर्क पान्याने (किती जोर लागला ते दाखवणाऱ्या), आट्यांवर निळ्या थ्रेडलॉकरचा (आटे धरून ठेवणाऱ्या गोंदाचा) एक थेंब. बोल्टवरून पट्टीवर रंगाची रेघ ओढा. २०० किमीनंतर रेघ सरकलेली दिसली तरच पाना लावा.

इंडिकेटरची वायर पट्टीखाली चेमटली असणार. नवा तुकडा जोडून वरून स्लीव्ह (संरक्षक नळी) घाला.

प्रश्न : सिसी बारामागे कॅरिअर लावून सौंदत्तीला सामान न्यायचंय. ग्रॅब रेल (मागच्याने धरायची दांडी) काढली तर चालेल? – एक वाचक, निपाणी

उत्तर : एकटेच जाणार असाल तर बॅग मागच्या सीटवर ठेवून बाराला टेकवून बांधा. बारामागे लटकणारं वजन प्रत्येक खड्ड्याला बुडाशी हिसका देतं आणि खालच्या वाकाजवळ, वेल्डिंगच्या कडेला केसासारखी चीर पडते. तिथे रंग फुगलेला दिसला की गाडी थांबवा.

ग्रॅब रेल काढायची असेल तर मागच्याला धरायला दुसरी पक्की मूठ द्यावीच लागते. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला १२३ वा नियम तेच सांगतो. साडी गार्डही त्यातच येतं. चेसिसला भोक पाडू नका, वेल्डिंगही करू नका. नंबर प्लेट आणि मागचा दिवा झाकला जाणार नाही, हेही बघा.