लिस्टिंग बंद झाले म्हणजे नावावरचा हक्क गेला का?

प्रश्न : मी स्वतः शिवलेल्या पिशव्या मीच ठेवलेल्या नावाने एका ऑनलाइन बाजारपेठेत बरीच वर्षे विकते आहे. नावाची नोंदणी मात्र कधी केली नाही. अलीकडे दुसऱ्या एका विक्रेत्याने तेच नाव ट्रेडमार्क म्हणून नोंदवून माझ्याविरुद्ध तक्रार केली आणि बाजारपेठेने मला काहीही न विचारता माझी सगळी लिस्टिंग (विक्रीसाठी टाकलेल्या वस्तूंची पाने) बंद केली. नाव बदलून पुन्हा सुरुवात करावी, असे घरचे म्हणतात. मी काय करावे?

उत्तर : नाव बदलण्याची घाई करू नका. बाजारपेठेने लिस्टिंग बंद केले याचा अर्थ आपण दोषी ठरलात असा होत नाही, कारण नावावर हक्क कोणाचा हे ठरवण्याचा अधिकार बाजारपेठेला नसतो. नेमक्या वस्तूविषयी तक्रार मिळूनही बाजारपेठ स्वस्थ बसली, तर जबाबदारी तिच्यावर येऊ शकते. ईबे या ऑनलाइन बाजारपेठेविरुद्ध दागिन्यांच्या टिफनी कंपनीने अमेरिकेत आणि सौंदर्यप्रसाधनांच्या लॉरियल कंपनीने युरोपीय न्यायालयात चालवलेल्या खटल्यांतून, अनुक्रमे २०१० आणि २०११ मध्ये, हे स्पष्ट झाले. त्यामुळे आधी लिस्टिंग काढायचे आणि चौकशी नंतर, अशी पद्धत रूढ झाली आहे. तिचा भार लहान विक्रेत्यावर पडतो, आणि हे मला अन्यायाचे वाटते. परंतु आपल्याला वाट याच पद्धतीतून काढायची आहे.

प्रथम तक्रारीतील नोंदणी क्रमांक मिळवा आणि संबंधित देशाच्या ट्रेडमार्क कार्यालयाच्या संकेतस्थळावर तो स्वतः तपासा. नोंदणी खरोखर झाली आहे की नुसता अर्ज पडून आहे, ती कोणत्या देशापुरती आहे आणि कोणत्या वस्तूंसाठी आहे, हे तेथे दिसते. ट्रेडमार्क नोंदणीसाठी वापरल्या जाणाऱ्या नीस या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात वस्तू आणि सेवांचे एकूण ४५ वर्ग आहेत. पिशव्या साधारणपणे १८व्या वर्गात, तर तयार कपडे २५व्या वर्गात येतात. मात्र वर्ग वेगळा निघाला म्हणून निश्चिंत होऊ नका, कारण ग्राहकाची गल्लत होण्याइतक्या वस्तू जवळच्या आहेत का, हेही पाहिले जाते.

आपल्या बाबतीत सर्वांत मोलाची गोष्ट आहे ती तारीख. भारताच्या १९९९च्या व्यापारचिन्ह (ट्रेडमार्क) कायद्याच्या कलम ३४ नुसार, नोंदणीधारकाचा वापर आणि त्याची नोंदणी यांपैकी जे आधीचे असेल, त्याच्याही आधीपासून जो सातत्याने ते नाव वापरत आला आहे, त्याला नोंदणीधारक अडवू शकत नाही. अमेरिकेतही प्रथम वापराला महत्त्व आहे. याउलट चीनमध्ये, काही अपवाद सोडता, आधी अर्ज करणाऱ्याचे पारडे जड असते. म्हणून जुनी बिले, नाव छापलेल्या लेबलांची छपाईची पावती, पहिल्या ऑर्डरचे ईमेल आणि ग्राहकांचे तारखेसह अभिप्राय एकत्र करून तारीखवार लावा. वर्षभराचाही खंड पडला असेल, तर त्याचे कारण दाखवण्याची तयारी ठेवा.

हे पुरावे जोडून बाजारपेठेकडे अपील करा आणि तक्रारदारालाही लेखी कळवून तक्रार मागे घेण्यास सांगा, कारण त्याने ती मागे घेतली तर लिस्टिंग लवकर परत येण्याची शक्यता असते. पत्रात ‘चूक झाली, पुन्हा होणार नाही’ असे एकही वाक्य लिहू नका; तेच पुढे कबुली म्हणून आपल्यासमोर ठेवले जाईल. दुसऱ्या नावाने नवे खाते उघडण्याचा मोहही टाळा, त्यामुळे मूळ खाते कायमचे बंद होऊ शकते. तक्रारदार मागे हटला नाही, तर त्याची नोंदणी रद्द करण्यासाठी अर्ज करता येतो. त्यासाठी मात्र वकील गाठावा. स्वतःचा नोंदणी अर्जही आता लांबणीवर टाकू नका.

प्रश्न : मी एका प्रसिद्ध कंपनीच्या यंत्राला बसणारे सुटे भाग विकतो. वर्णनात त्या कंपनीचे नाव लिहिल्याबद्दल तक्रार आली आहे. ते नाव लिहायचेच नाही का?

उत्तर : लिहिता येते. २००५ मध्ये युरोपीय न्यायालयाने दाढीची पाती बनवणाऱ्या जिलेट कंपनीच्या खटल्यात सांगितले की, वस्तू कशासाठी वापरायची हे ग्राहकाला सांगण्यास आवश्यक असेल तेव्हा दुसऱ्याचा ट्रेडमार्क प्रामाणिकपणे वापरता येतो. शीर्षकात स्वतःचे नाव आधी लिहून पुढे ‘अमुक यंत्रासाठी उपयुक्त’ असे लिहावे. त्यांचे बोधचिन्ह छायाचित्रातून काढून टाकावे आणि ‘ब्रँड’ या रकान्यात त्यांचे नाव कधीही भरू नये. बहुतेकदा तक्रार याच रकान्यावरून होते.