आधी 3000 मीटर, मग मॅरेथॉन

खटाव तालुक्यातल्या एका आईचं पत्र आलंय. थोडक्यात असं : "मुलगी सोळा वर्षांची, अकरावी सायन्सला. जिल्ह्याला 3000 मीटरमध्ये पहिली आली, वेळ 11 मिनिटं 20 सेकंद. आता म्हणते मॅरेथॉनच पळणार, ऑलिंपिकला जाणार. दर रविवारी कुठं ना कुठं बक्षिसाची शर्यत असते, तिथं जाते. फुल मॅरेथॉनच्या फॉर्मवर जन्मसाल बदलून टाक, असं ग्राउंडवर कुणीतरी सांगितलंय. तिचे वडील म्हणतात, पळून पोट भरतं का, बारावीनंतर पोलीस भरती बघू. आणि मॅडम, तीन महिने तिला पाळी आलेली नाही. मैत्रिणी म्हणतात, पळणाऱ्यांचं असंच असतं."

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचं शेवटचं वाक्य मी पहिलं घेते. पळणाऱ्यांचं असंच नसतं. आधी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा, कारण पाळी थांबायला इतरही कारणं असतात. पण अशा मुलींमध्ये बहुतेक वेळा झालेलं असतं ते एवढंच, की अंगातून जेवढं खर्च होतं तेवढं पोटात जात नाही. मग शरीर काटकसर करायला लागतं आणि पहिली कात्री पाळीला लावतं. पाठोपाठ हाडं कमजोर होतात, नडगीत बारीक चीर पडते आणि पोर चार-सहा महिने घरी बसते. हाडं भरायची वर्षंही नेमकी हीच.

माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी मुलींचा दिवस असा असतो : पहाटे साडेपाचला नुसता चहा घेऊन ग्राउंड, आठला घरी, घाईनं आंघोळ, एसटी, कॉलेज आणि पहिलं पोटभर जेवण दुपारी दीडला. तुमच्याकडेही असंच असेल तर उद्यापासून बदला. निघण्याआधी केळं किंवा शेंगदाण्याची चिक्की. आल्यावर अर्ध्या तासात भाकरी, मटकीची उसळ, चालत असेल तर दोन अंडी, वर दूध. डब्यात एक भाकरी जास्तीची. हिमोग्लोबिन आणि फेरिटिन, दोन्ही तपासून घ्या. फेरिटिन म्हणजे अंगातला लोहाचा साठा. हिमोग्लोबिन ठीक दिसत असतानाही तो आटलेला असू शकतो.

आता ऑलिंपिक. तिच्या स्वप्नाला मी नाही म्हणणार नाही, पण हिशेब तिच्यासमोर मांडा. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकसाठी महिला मॅरेथॉनची पात्रता वेळ होती 2 तास 26 मिनिटं 50 सेकंद. म्हणजे किलोमीटरला साधारण 3 मिनिटं 29 सेकंद, न थांबता बेचाळीस किलोमीटर. ग्राउंडच्या भाषेत सांगायचं तर चारशे मीटरची फेरी 84 सेकंदांत, अशा 105 फेऱ्या. तुमच्या लेकीचा 3000 मीटरचा वेग किलोमीटरला 3 मिनिटं 47 सेकंद आहे, तोही तीनच किलोमीटर. सोळाव्या वर्षी तो खरंच चांगला आहे. पण तिला आज कमी पडतोय तो वेग, आणि वेग ट्रॅकवर 1500, 3000, 5000 पळून येतो. दर रविवारी रस्त्यावर दहा-एकवीस किलोमीटर पळाल्यावर सोमवारी पाय जड, मंगळवारचा वेगाचा सराव वाया.

केनियाचा एलिउड किपचोगे 2003 मध्ये अठराव्या वर्षी 5000 मीटरचा जगज्जेता झाला. पहिली मॅरेथॉन पळाला 2013 मध्ये, अठ्ठाविसाव्या वर्षी. मधली दहा वर्षं ट्रॅकवरची. मग रिओ आणि टोकियो, दोन्हीकडे मॅरेथॉनचं सुवर्ण.

शेजारच्या माण तालुक्यातल्या मोही गावच्या ललिता बाबर तिला माहीत असतीलच. त्या उलट वाटेनं गेल्या, असं ती म्हणेल. खरं आहे. मुंबई मॅरेथॉनमध्ये 2012 पासून सलग तीन वर्षं भारतीय महिलांत पहिल्या आल्या आणि नंतर 3000 मीटर स्टीपलचेसकडे, म्हणजे ट्रॅकवर अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत पळायच्या शर्यतीकडे वळल्या. पण 2012 ला त्यांचं वय बावीस होतं, सोळा नव्हे. आणि रिओत 2016 मध्ये त्या ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पळाल्या, प्राथमिक फेरीत 9 मिनिटं 19.76 सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला, तो मॅरेथॉनमध्ये नाही, ट्रॅकवर.

जन्मसाल बदलायचं तर नावच काढू नका. पुढं वयाचे दाखले प्रत्येक पायरीवर लागतात आणि एकदा खोटं सापडलं की खरी पदकंही संशयात जातात. ज्यानं हा सल्ला दिला, त्याच्यापासून मुलीला लांब ठेवा.

तिच्या वडिलांची काळजी रास्त आहे. भरतीत मुलींना 800 मीटर असतं, त्यात ती मागं पडणार नाही. शिवाय राज्य सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. ललिता बाबरही पुढं उपजिल्हाधिकारी झाल्या. पण त्यासाठी मान्यताप्राप्त स्पर्धांचीच प्रमाणपत्रं चालतात, पडताळणी करून घेतलेली. रविवारच्या शर्यतींचे कागद तिथं कामाचे नाहीत. कोणत्या पदाला कोणत्या पातळीचं पदक लागतं, ते साताऱ्यात जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या कार्यालयात वडिलांनीच जाऊन विचारावं. ऐकून आल्यावर त्यांचा सूर बदलेल, असं मला वाटतं. बारावी मात्र तिनं नीट करावी. दुखापत कुणालाही होते आणि त्या दिवशी शिक्षण हाताशी असावं लागतं.

तिला एक दोनशे पानी वही आणून द्या. सकाळी उठल्या उठल्या, अंथरुणातच, मनगटावर बोटं ठेवून मिनिटभर ठोके मोजायचे आणि लिहायचे. शेजारी झोप किती, पळाली किती, खाल्लं काय, पाळीची तारीख. डॉक्टरांना भेटून रिपोर्ट आले की महिनाभराची वही आणि मुलीला घेऊन या. तोवर रविवारच्या शर्यती बंद.