निवेदनाला सही देण्याआधी

प्रिय,

तुझा मसुदा वाचला. शाळेतल्या दादागिरीविरुद्ध स्वतंत्र कायदा हवा, आमदारांनी तो अधिवेशनात मांडावा, ही मागणी मला मान्य आहे. पण 'कठोरात कठोर शिक्षा' हे शब्द तीन पानांत नऊ वेळा आलेत. सही करायला माझा हात तिथेच अडला.

आपल्याकडे 1999 चा महाराष्ट्र रॅगिंग प्रतिबंधक कायदा आहे. तू तो वाचला नाहीस, हे मसुद्यावरून कळतं. रागावू नकोस. त्यात दोन वर्षांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड आणि दोषी ठरल्यास पाच वर्षं कुठेही प्रवेश नाही, अशा शिक्षा आहेत. व्याख्येत महाविद्यालय आधी येतं, मग 'इतर संस्था'. शाळेचं नाव उघडपणे घेतलेलं नाही. आणि सहावीतल्या पोराला ह्या शिक्षा लावणार कशा? शिक्षण हक्क कायद्यानुसार आठवी पुरी होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही, आणि अठराच्या आतल्याचं प्रकरण बाल न्याय मंडळाकडे जातं. म्हणजे तू मागतोयस ती कठोरता आपल्या मुलांपर्यंत पोचतच नाही. पोचू नये, असंच मला वाटतं.

त्या कायद्यातलं माझ्या आवडीचं कलम वेगळंच आहे. लेखी तक्रार आली की संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करायची. तथ्य दिसलं तर आरोपीला निलंबित करून तक्रार पोलिसांकडे पाठवायची. प्रमुखाने टाळाटाळ केली तर त्याने गुन्ह्याला मदत केली असं धरलं जातं. पोरांसाठीच्या कायद्यात पोलीस नकोत, पण हे सात दिवस आणि ही जबाबदारी जशीच्या तशी उचल.

का, ते सांगते. मी मुख्याध्यापिका असताना सातवीतल्या एका मुलाला त्याच्या तोतरेपणावरून वर्षभर छळलं गेलं. मधल्या सुट्टीत त्याचा डबा पळवायचे आणि 'नीट मागितलास तर देतो' म्हणायचे. आई दोनदा येऊन गेली. दोन्ही वेळा मी तिला चहा दिला, त्या पोरांना बोलावून दम दिला आणि प्रकरण मिटवलं. कागदावर काही घेतलं नाही. परीक्षा तोंडावर होती, संस्थेची शताब्दीही होती. जूनमध्ये ती दाखला मागायला आली. शाळा सोडण्याचं कारण म्हणून तिथे 'पालकांची विनंती' असं लिहिलं गेलं. खाली सही माझी.

मी दुष्ट नव्हते, फक्त मला कुणी विचारणार नव्हतं.

म्हणून मसुद्यात शिक्षेची तीन पानं काढ आणि हे घाल: तक्रार लेखी घ्यावी, लिहिता न येणाऱ्या मुलाची शिक्षकाने उतरवून घ्यावी, आवक नोंदवहीत क्रमांक पडावा, पालकाला पोच मिळावी. सात दिवसांत काय केलं ते लेखी कळवावं. छळणाऱ्या मुलाशी समुपदेशकाने बोलावं, कारण त्याच्या घरीही बहुधा कुणीतरी त्याचा डबा पळवत असतं. (समुपदेशक कुठून आणायचा, हे सरकारला विचार, पन्नास शाळांमागे एक नेमून भागणार नाही.) दाखल्यातल्या त्या रकान्याचाही विचार कर. छळामुळे मूल शाळा सोडत असेल तर ते कुठेतरी नोंदलं जायला हवं.

2022 साली शासनाने शाळाशाळांत मुलांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती नेमायला सांगितलं. तुझ्या शाळेत ती आहे का, शेवटची बैठक कधी झाली, इतिवृत्त कुठे आहे, हे आधी बघ. आमदार हेच पहिल्यांदा विचारतील, आणि तुला उत्तर देता आलं नाही तर निवेदन तिथेच टेबलावर राहील.

नवा मसुदा रविवारपर्यंत पाठव. लाल पेन अजून चालतं माझं.

तुझ्या,
बाई