वाचकांचे प्रश्न : बंदर नसलेले आरमारी गाव, डील

इंग्लंडच्या केंट किनाऱ्यावरच्या डील या गावाबद्दल सीमाभागातून आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांना इथे उत्तरे देत आहोत.

प्रश्न : डीलला बंदर नव्हते, तर इंग्रजांच्या आरमाराची जहाजे तिथे कशासाठी जमायची? (निपाणी)

उत्तर : समोरच्या ‘डाउन्स’साठी. किनाऱ्यापासून सुमारे 10 किलोमीटरवर गुडविन सँड्स हा जवळजवळ 16 किलोमीटर लांबीचा वाळूचा पट्टा आहे. भरतीला तो बुडतो. किनारा आणि हा पट्टा यांच्यामधले पाणी म्हणजे डाउन्स. पश्चिमेचा वारा जमीन अडवते, पूर्वेची लाट वाळूवर मोडते. अनुकूल वारा मिळेपर्यंत शिडाची जहाजे इथे नांगर टाकून दिवसच्या दिवस उभी राहत.

पण हा आडोसा अर्धाच. वारा दक्षिणेकडून फिरला की लाटा आत घुसत. नांगर निसटला किंवा दोरखंड तुटला तर जहाज थेट वाळूवर. जुन्या कॅलेंडरप्रमाणे नोव्हेंबर 1703 च्या वादळात नॉर्दम्बरलँड, रेस्टोरेशन, स्टर्लिंग कॅसल आणि मेरी ही आरमाराची चार जहाजे इथे एका रात्रीत फुटली आणि हजारावर खलाशी गेले.

अशा वेळी जहाजांना नवा नांगर आणि दोर पोचवायचे डीलचे नावाडी. धक्का नाही, उतरता गोट्यांचा किनारा. होडी वर ठेवायची, खाली समुद्रापर्यंत वंगण लावलेल्या लाकडी फळ्या आडव्या मांडायच्या. मोठी लाट फुटून गेली की मागची साखळी सोडायची. होडी घसरत पाण्यात शिरते. खोल पाण्यात आधीच नांगरलेला एक दोर असतो, तो ओढत लाटांच्या पलीकडे जायचे. क्षणभर उशीर झाला तर होडी आडवी होते, आणि पुढची लाट तिला गोट्यांवर आपटते. परतल्यावर उभा रहाट माणसांनी फिरवून होडी वर ओढायची. या नावाड्यांच्या कामाला इतिहासात मिळायला हवी तेवढी जागा मिळालेली नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

प्रश्न : डीलचा किल्ला आपल्या बेळगावच्या भुईकोटासारखा आहे का? (बेळगाव, निवृत्त सुभेदार)

उत्तर : सपाटीवर आणि खंदकासह आहे, एवढेच साम्य. बेळगावच्या कोटाच्या आत वस्ती आणि मंदिरे आहेत. डीलचा किल्ला ही नुसती तोफांची जागा. इंग्लंडचा राजा आठव्या हेन्रीने पोपशी फारकत घेतली, त्यातच फ्रान्स आणि स्पेनचा तह झाला. स्वारीच्या धास्तीने 1539-40 मध्ये डाउन्सच्या रक्षणासाठी सँडाउन, डील आणि वॉल्मर हे तीन किल्ले शेजारी शेजारी उभे राहिले. डीलला मधल्या गोल बालेकिल्ल्याभोवती सहा अर्धगोल बुरूज, त्यांच्या बाहेर आणखी सहा. तट मुद्दाम ठेंगणा आणि जाड, कारण उंच भिंत समुद्रावरून सोपा निशाणा ठरते. गोलाईवर गोळा सरळ बसत नाही. खंदक कोरडा आहे. त्यात उतरलेल्या शत्रूसाठी तळाशी जंग्या, म्हणजे बंदुकीची छिद्रे, आहेत.

प्रश्न : आसईच्या लढाईतला वेलस्ली याच भागात वारला का? (कित्तूर)

उत्तर : होय. वॉल्मरच्या किल्ल्यात, 14 सप्टेंबर 1852 रोजी. तेव्हा तो ड्यूक ऑफ वेलिंग्टन होता. 1800 मध्ये इंग्रजांशी झुंजणाऱ्या धोंडिया वाघाच्या पाठलागावर असताना तो तुमच्याच कित्तूर-मलप्रभेच्या मुलखात होता.

प्रश्न : डीलच्या मनोऱ्यावरचा गोळा रोज का पाडत? भोंगा वाजवला असता तर? (खानापूर, विद्यार्थिनी)

उत्तर : गोळा पडताना बघून जहाजे आपली घड्याळे तपासत, कारण समुद्रात रेखांश घड्याळावरून काढायचा. भोंग्याने हे काम बिघडले असते. आवाज सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो, म्हणजे 2 किलोमीटरवरच्या जहाजाला तो 6 सेकंद उशिरा ऐकू येणार. गोळा मात्र त्याच क्षणी दिसतो. आधी सेमाफोरच्या, म्हणजे हलत्या दांड्यांनी दुरून निरोप देण्याच्या, खुणांसाठी असलेल्या या मनोऱ्यावर 1855 पासून 1927 पर्यंत हा गोळा चालला. 12:55 ला तो अर्ध्यावर चढवायचा, 12:58 ला टोकाला, आणि बरोबर 1 वाजता ग्रिनिच वेधशाळेतून आलेल्या विजेच्या इशाऱ्याने तो सुटायचा. दुपारी 12 ची वेळ टाळली, कारण तेव्हा वेधशाळेत सूर्याचा वेध घेण्याची गडबड असे.

जहाजावर कॅप्टन क्रोनोमीटर, म्हणजे अचूक समुद्री घड्याळ, समोर ठेवून दुर्बिणीतून बघायचा. गोळा खाली आपटतो तो क्षण धरायचा नाही. तो हलू लागतो तो धरायचा. इथेच नवखा चुकतो. आणि एका दिवसाची नोंद पुरत नाही. तीन-चार दिवस रोज फरक लिहायचा, म्हणजे घड्याळ दिवसाला किती पुढे किंवा मागे पडते ती ‘चाल’ कळते. समजा, घड्याळ रोज 2 सेकंद मागे पडते आणि ते ध्यानात आलेच नाही. 60 दिवसांत 120 सेकंद झाले. 4 सेकंदांना रेखांशाचे 1 मिनिट (अंशाचा साठावा भाग), म्हणजे रेखांशात 30 मिनिटे चूक. विषुववृत्तावर ती जवळपास 55 किलोमीटर भरते. रात्रीच्या अंधारात किनारा गाठताना एवढी चूक म्हणजे जहाज खडकावर.