आज्जी गेली, तरी डोळ्यांत टिपूस नाही

"आज्जी गेली तर रडला न्हाई. बाराव्याला पोटभर जेवला आणि मोबाईल बघत बसला. धाकट्या चुलतभावाला ढकलून त्याचा हात मोडला, तर म्हणतो, 'मग मी काय करू?' ह्याचं काळीज दगडाचं हाय काय, मॅडम? उद्या गुन्हेगार झाला तर?" बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका आईची ही काळजी. मुलगा १४ वर्षांचा, नववीत. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

आईच्या मनात जी भीती आहे, तिला शास्त्रात निष्ठुर-भावशून्य लक्षणं म्हणतात. ती एका प्रसंगावरून ठरत नाहीत. २०१३ च्या डीएसएम-५ मध्ये, म्हणजे मानसिक आजारांच्या निदानासाठी वापरल्या जाणाऱ्या अमेरिकन पुस्तिकेत, चार खुणा दिल्या आहेत: पश्चात्ताप नसणं, दुसऱ्याच्या दुःखाचं काही न वाटणं, आपलं काम बिघडलं तरी फिकीर नसणं, आणि भावना वरवरच्या असणं. यातल्या किमान दोन, किमान १२ महिने, घरीही आणि बाहेरही दिसायला हव्यात. शिवाय हे बघायचं ते वर्तनविकाराचं, म्हणजे दुसऱ्यांना इजा करणं, चोरी, नियम मोडणं सतत चालू असण्याचं, निदान झालेल्या मुलांतच.

शाळेचा शेरा आईच्या बाजूचा होता: 'चेहऱ्यावर काही दिसत नाही, माफी मागत नाही.' पण हा मुलगा सातवीपर्यंत मराठी शाळेत होता, आठवीला कन्नड माध्यमात गेला. दुकानात, बसमध्ये भागेल एवढं कन्नड त्याला येतं. 'मला वाईट वाटलं' हे समजावून सांगण्याइतकं येत नाही. म्हणून तो गप्प राहतो. सीमाभागात ही गोष्ट फार वेळा नजरेतून सुटते आणि भाषेची अडचण स्वभावाच्या खात्यात जमा होते.

मराठीत, एकट्याला, 'काय वाटतं?' असं न विचारता 'अंगात कुठं काय होतं?' असं विचारलं, तेव्हा तो बोलला. घसा आवळतो. हात गरम होतात. रात्री दोनला जाग येते. आज्जीच्या खोलीत तो जातच नव्हता. रडलं की काका म्हणायचे, "बाईगत काय रडतोस?" आणि चुलतभावाला ढकललं, तेव्हा तो पोरगा आज्जीच्या घोंगड्यावर उड्या मारत होता. भावना होती. ती दाबून दाबून रागातून बाहेर पडत होती.

कामाची सुरुवात शरीरापासून केली. चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर, रोज पाच मिनिटं, आणि तेही शांत असताना. राग चढल्यावर पहिल्यांदाच शिकवायला गेलं तर ते जमत नाही. मग रागाला शून्य ते दहा गुण द्यायचे आणि चारवर असतानाच तिथून उठायचं. सातवर पोचल्यावर उठणं त्याच्या हातात राहत नाही. घरच्यांनी त्या क्षणी "सॉरी म्हण" असा धोशा लावायचा नाही. अर्ध्या तासानं बोलायचं, आणि भरपाई कृतीनं करून घ्यायची: प्लास्टर असेपर्यंत चुलतभावाचं दप्तर यानं उचललं.

बिघडलं ते वडिलांच्या दहा मिनिटांत. रोज दहा मिनिटं उपदेशाविना मुलासोबत बसायचं ठरलं होतं. तिसऱ्या दिवशी ते चाचणीच्या मार्कांवर घसरले. मुलगा पुन्हा मिटला. मग बोलण्याऐवजी दोघं मिळून म्हशीला वैरण घालू लागले, आणि तिथं जमलं. दोन महिन्यांत हात उगारणं कमी झालं. तो अजूनही रडत नाही, आणि त्याला रडायला लावणं हा हेतूही नाही.

काही मुलांत मात्र ही लक्षणं खरीच असतात. थंड डोक्यानं ठरवून इजा करणं, प्राण्यांना छळणं, दुसरा घाबरलेला दिसूनही न थांबणं, असं वर्षभर चाललं असेल तर वाट पाहू नका. तिथंही मार देणं हा उपाय नाही. मानसशास्त्रज्ञ हॉज आणि डॅड्स यांच्या २००५ मधल्या अभ्यासात अशा मुलांवर वेगळं बसवण्याच्या शिक्षेचा परिणाम कमी दिसला, पण चांगल्या वागणुकीला बक्षीस देण्याचा परिणाम इतर मुलांइतकाच होता. म्हणून बक्षीस लहान, लगेच, आणि एकदा कमावलेलं परत न घेतलेलं असावं.

तपासणीसाठी आपल्याकडून धारवाडचं डिमहान्स हे सरकारी मानसिक आरोग्य रुग्णालय जवळ पडतं. फोनवर बोलायचं तर टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६. जाताना मुलाला निदान वर्षभर ओळखणाऱ्या दोन शिक्षकांचं लेखी निरीक्षण न्या, आणि मूल कोणत्या भाषेत मोकळं बोलतं ते डॉक्टरांना आधीच सांगा.